मृत्युपत्राची नोंदणी नसेल, तरी आमचे ऐकून घ्या

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), मंडळ अधिकारी, तहसीलदार आणि दुय्यम निबंधक यांस

सविनय नमस्कार.

"मृत्युपत्र रजिस्टर केलेले नाही ना? मग ते चालत नाही." हे उत्तर मला तलाठी कार्यालयात तोंडी मिळाले. त्यानंतर हा विषय मी ज्या ज्या शेतकऱ्यापुढे, वकिलापुढे किंवा नात्यातल्या माणसापुढे काढला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्यांच्याकडेही असेच घडल्याचे सांगितले. कार्यालय वेगळे, तालुका वेगळा, वाक्य तेच. ते कायद्याला धरून नाही. तरीही ते इतक्या खात्रीने बोलले जाते की ऐकणारा माणूस कागद घडी करून पिशवीत ठेवतो आणि घरी जातो. परत गेलेल्या त्या माणसांसाठी, आणि माझ्यासाठीही, हे पत्र आहे.

मी स्वतः खातेदार शेतकरी आहे. माझ्या आत्याने तिची जमीन आणि राहते घर मृत्युपत्राने माझ्या नावे केले. तिच्या पुतण्यांनी, म्हणजे तिच्या दिरांच्या मुलांनी, हरकत घेतली. वाद कुटुंबातला आहे आणि तो खरा की खोटा हे इथे मांडून मला कुणाचा कौल घ्यायचा नाही. त्यासाठी न्यायालय आहे. मला बोलायचे आहे ते आपल्या टेबलावर त्या कागदाचे काय झाले याबद्दल.

आधी कायद्याचे बघू, कारण सगळी गफलत तिथूनच सुरू होते. नोंदणी अधिनियम, 1908 मध्ये कलम 17 खाली कोणते दस्त नोंदवलेच पाहिजेत ते दिले आहे. स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र त्यात आहे. मृत्युपत्र मात्र कलम 18 मध्ये आहे, आणि ते कलम ऐच्छिक नोंदणीचे आहे. कलम 27 म्हणते की मृत्युपत्र केव्हाही नोंदणीसाठी सादर करता येते. म्हणजे ज्या विधिमंडळाने खरेदी आणि बक्षिसाला नोंदणीची सक्ती केली, त्याने मृत्युपत्राला ती जाणूनबुजून केलेली नाही. त्यामागचे कारण कळायला अवघड नाही. माणूस मृत्युपत्र कधी अंथरुणावरून करतो, कधी मनाशी वर्षानुवर्षे घोळवून करतो, आणि ते शेवटच्या श्वासापर्यंत बदलू शकतो. प्रत्येक बदलासाठी त्याला तालुक्याच्या गावी नेऊन अंगठा घ्यायचा म्हटले, तर ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच ते करता येणार नाही.

मृत्युपत्र वैध व्हायला काय लागते, हे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 मध्ये आहे. करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा. किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येक साक्षीदाराने त्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ही माझी सही आहे असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे. आणि प्रत्येक साक्षीदाराने त्याच्या समक्ष स्वतःची सही केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याचीही गरज नाही. कोणताही ठरावीक नमुना लागत नाही, मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. नोटरीचा शिक्काही लागत नाही. उलट नोटरीचा शिक्का असून दोन साक्षीदार नसतील, तर तो शिक्का काही कामाचा नाही.

आत्याच्या कागदात हे सगळे आहे. गावातल्या एका सेवानिवृत्त गुरुजींनी तो तिच्या सांगण्यावरून लिहिला. त्यांची साक्षीदार म्हणून सही आहे, शेजारच्या काकांची आहे, आणि आत्याने प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली स्वतःची सही आहे. अंगठा तिला आवडत नसे.

आता तिने मृत्युपत्र केलेच का, ते सांगते. आपल्यासमोर अशा अनेक बायका येतात आणि त्यांचा प्रश्न 'वारस कोण' या एका शब्दात संपवला जातो, म्हणून हे सांगायलाच हवे. आत्याला मूलबाळ नव्हते. नवरा वारल्यावर त्याच्या हिश्श्याची जमीन तिच्या नावे झाली आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 14 प्रमाणे ती तिची पूर्ण मालकीची झाली. ती विकू शकत होती, देऊ शकत होती, मृत्युपत्र करू शकत होती. पण ती काही न लिहिता गेली असती, तर कलम 15 लागले असते. मूल नसलेल्या स्त्रीला नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून वारशाने आलेली मिळकत त्या कलमाने नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिने स्वतः कमावलेलीसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडेच वळते, तिच्या आईवडिलांचा क्रमांक त्यानंतर लागतो. आत्याला कलमाचा आकडा माहीत नव्हता. परिणाम माहीत होता, कारण गावात दुसऱ्या एका विधवेच्या मागे काय झाले ते तिने पाहिले होते. शेवटच्या आजारपणात जिने तिचे केले, तिच्याकडे काहीतरी जावे अशी तिची इच्छा होती, आणि कायद्याने त्या इच्छेला एकच वाट ठेवली होती. हिंदू कायद्याखालच्या निपुत्रिक विधवेसाठी मृत्युपत्र ही हौस नसते. तो कागद नसेल, तर तिच्या मनाला कायद्यात काही जागाच उरत नाही.

म्हणून मला 'चालत नाही' या दोन शब्दांचा इतका त्रास होतो.

पुतण्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिते. त्यांनी हरकत घेतली यात मला काही गैर वाटत नाही. त्यातला एक जण ती जमीन अनेक वर्षे वाट्याने करत होता. बांधावरची झाडे त्याने लावली. आपल्या चुलत्याची जमीन माहेरच्या माणसाकडे जाते आहे, हे त्याला लागले असणार. मृत्युपत्र बघून 'हे आम्हाला मान्य नाही' म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. हरकत घेणाऱ्याला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटत नाही. प्रश्न हा आहे की हरकत आली की पुढे काय व्हायला हवे, आणि काय होते.

काय व्हायला हवे ते महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये लिहिलेले आहे, आणि ते इतके चांगले लिहिलेले आहे की वाचताना मला भरून आले. कलम 149 म्हणते की जमिनीत हक्क मिळवणाऱ्याने तीन महिन्यांत तलाठ्याकडे तोंडी किंवा लेखी वर्दी द्यावी, आणि तलाठ्याने त्याची लेखी पोच ताबडतोब द्यावी. कलम 150 म्हणते की अशी प्रत्येक वर्दी फेरफार नोंदवहीत घ्यावी, नोंदीची प्रत चावडीत लावावी आणि ज्यांचा हितसंबंध दिसतो त्या सर्वांना लेखी कळवावे. हरकत आली, तोंडी आली तरी, ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6अ मध्ये लिहावी आणि हरकत घेणाऱ्यालाही ताबडतोब पोच द्यावी. मग सक्षम अधिकाऱ्याने शक्यतो एक वर्षाच्या आत तिचा निकाल करावा. 'तोंडी' हा शब्द कायद्याने दोन्ही बाजूंसाठी वापरला आहे. लिहिता न येणाऱ्या माणसाचीही वर्दी घेतली जावी, त्याचीही हरकत घेतली जावी, आणि दोघांच्या हातात कागद पडावा, इतका विचार त्यात आहे.

आणि माझ्याबाबतीत काय झाले? आधी वर्दीच घेतली गेली नाही. अर्ज पोस्टाने पाठवल्यावर नोंद धरली गेली. नोटिसा निघाल्या, पुतण्यांची हरकत आली. सुनावणीत मी मूळ मृत्युपत्र दाखवले आणि गुरुजी बाहेर बसले आहेत, त्यांना विचारा, अशी विनंती केली. त्यांना आत बोलावले गेले नाही. निकाल एका ओळीचा आला: मृत्युपत्र अनोंदणीकृत असून हरकत प्राप्त झाल्याने नोंद रद्द. त्याच सुमारास पुतण्यांनी दिलेल्या वारसनोंदीच्या अर्जावर फेरफार मंजूर झाला. त्या नोंदीवर माझी हरकत होती.

हा भाग कृपया पुन्हा वाचावा. माझ्या नोंदीवर त्यांची हरकत आली म्हणून माझी नोंद रद्द झाली. त्यांच्या नोंदीवर माझी हरकत असूनही त्यांची मंजूर झाली. हरकत हेच कारण असेल, तर ते दोन्हीकडे सारखे लागू व्हायला हवे होते. नोंदणी नसणे हे कारण असेल, तर ते कारण कायद्यात नाही.

आपल्यापैकी अनेक जण यावर म्हणतील की आम्ही दिवाणी न्यायालय नाही, मृत्युपत्र खरे की खोटे हे आम्ही ठरवू शकत नाही. हे म्हणणे बरोबर आहे आणि मी त्याचा आदर करते. फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही, ती महसुलासाठी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. 2021 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात मृत्युपत्राच्या आधारे हक्क सांगणाऱ्याने, वाद असेल तर, दिवाणी न्यायालयात जावे असेही म्हटले आहे. पण जो अधिकारी मृत्युपत्र खरे ठरवू शकत नाही, तो ते निरुपयोगीही ठरवू शकत नाही. 'अनोंदणीकृत असल्याने' हे चार आदेशांत लिहिले की चार मृत्युपत्रे खोटी न ठरताच बाद होतात, कुणी साक्षीदाराला एक प्रश्नही न विचारता.

'न्यायालयात जा' हे सांगणे सोपे आहे, कारण ते सांगणाऱ्याला जावे लागत नाही. सातबाऱ्यावर ज्याचे नाव लागते तो घरी थांबतो, ज्याचे लागत नाही तो दावा लावतो. संहितेच्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे आपली एक ओळ उद्या न्यायालयात माझ्यासमोर भिंत म्हणून उभी राहते. आणि तोपर्यंतचे रोजचे जगणे वेगळेच. नाव नाही म्हणून विकास सोसायटीचे पीककर्ज नाही. ई-पीक पाहणीत पेरा माझ्या नावे लागत नाही. अतिवृष्टीचा पंचनामा झाला तर अनुदान ज्याचे नाव त्याला. मालकी ठरत नाही असे म्हणतात, त्या नोंदीवर शेतकऱ्याचे सगळे वर्ष ठरते. हे आपल्यापेक्षा चांगले कुणाला माहीत असणार?

याहून गंभीर एक गोष्ट आहे, ती साक्षीदारांच्या वयाची. मृत्युपत्र सिद्ध करायला किमान एक साक्षीदार, तो हयात असेल तर, न्यायालयात तपासावाच लागतो. पूर्वी हे भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 68 मध्ये होते, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 67 मध्ये आहे. त्या साक्षीदाराने फक्त 'ही माझी सही' म्हणून भागत नाही. करणाऱ्याला सही करताना पाहिले, त्याच्या समक्ष मी सही केली, दुसऱ्या साक्षीदारानेही तशीच केली, हे सगळे त्याच्या तोंडून यावे लागते. एकच साक्षीदार तपासला आणि त्याला दुसऱ्याच्या सहीबद्दल सांगता आले नाही, तर मृत्युपत्र पडते. दोन्ही साक्षीदार वारले असतील, तर त्यांच्या आणि करणाऱ्याच्या अक्षरावरून सिद्ध करण्याची वाट आहे, पण ती फार अरुंद आहे. म्हातारी माणसे मृत्युपत्राला आपल्याच वयाची विश्वासाची माणसे साक्षीला घेतात. आमचे शेजारचे काका गेले. गुरुजींना आता ऐकू कमी येते. प्रकरण टेबलावर पडून राहते तेव्हा वेळ सगळ्यांसाठी सारखा जात नाही. तो मृत्युपत्राच्या बाजूचा पुरावा संपवत जातो.

संहितेने आपल्याला साक्षीदार बोलावण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरून गुरुजींचा जबाब त्या दिवशी घेतला असता, पुतण्यांना त्यांची उलटतपासणी करू दिली असती, आणि मग माझ्याविरुद्ध निकाल दिला असता, तरी मी हे पत्र लिहिले नसते. तो जबाब नोंदीत राहिला असता. सगळे जिवंत असताना कोण काय म्हणाले, हे कुठेतरी लिहिलेले असते.

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण ती माझ्या बाजूइतकीच महत्त्वाची आहे.

खोटी मृत्युपत्रे होतात. सगळ्यात जास्त त्यांचा मार मुलींना बसतो, असे माझे आजूबाजूला पाहून मत झाले आहे. महाराष्ट्रात 22 जून 1994 पासून आणि देशभर 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलासारखा हक्क मिळाला. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालाने वडील 2005 मध्ये हयात होते की नव्हते, हा वादही संपवला. बहिणीने वाटणी मागितली की हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून तिच्यामागे लागायचे, आणि तिने नाही म्हटले की वडिलांचे मृत्युपत्र कपाटातून निघते. तारीख जुनी, साक्षीदार भावाचे मित्र, आणि मजकूर असा की मुलींना लग्नात दिले आहे, सबब त्यांना काही नाही. अशी बहीण जेव्हा आपल्यासमोर हरकत घेऊन येते, तेव्हा तिच्या बाजूने उभे राहणारे पहिले सरकारी माणूस आपण असता.

या बहिणीचे रक्षण 'नोंदणी आहे की नाही' या प्रश्नाने होत नाही. भाऊ हुशार असेल, तर तो आजारी वडिलांना गाडीत घालून दुय्यम निबंधकाकडे नेईल आणि नोंदणी करून आणेल. नोंदणी झाली म्हणून संशय मिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच राणी पूर्णिमा देवी प्रकरणात सांगितले आहे. त्याआधी 1958 च्या वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात न्यायालयाने मृत्युपत्राकडे कसे पाहावे ते सांगितले. सही थरथरती आहे का, करणाऱ्याची मनःस्थिती काय होती, वाटप अस्वाभाविक आहे का, ज्याला लाभ होतो त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला का, अशा संशयास्पद गोष्टी असतील तर त्या दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर. ही जबाबदारी माझ्यावरही आहे. आत्याच्या मृत्युपत्राचा लाभ मला होतो, म्हणून मला कठीण प्रश्न विचारले जावेत हे मला मान्य आहे. कागद कुणाकडे होता? इतके दिवस कुठे होता? लिहिताना मी घरात होते का? मी उत्तरे तयार ठेवली होती. कुणी विचारलेच नाही.

आणि एक प्रश्न असा आहे जो मुलींच्या बाबतीत बाकी सगळ्यांच्या आधी विचारायला हवा: जे दिले ते देणाऱ्याचे होते का? एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत माणूस मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतो. मुलीचा हिस्सा वडिलांचा नव्हताच, तर तो ते मृत्युपत्राने मुलाला देतील कसे? हे पाहायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. जुने सातबारे आणि फेरफार लागतात, आणि ते आपल्याच दप्तरात असतात. मृत्युपत्रातून स्वाभाविक वारस वगळले एवढ्यानेच ते संशयास्पद ठरत नाही, कारण मृत्युपत्र करायचेच ते वारसाचा नेहमीचा क्रम बदलण्यासाठी. पण मुळात दुसऱ्याचा असलेला हिस्सा वाटला असेल, तर तिथे कागद कितीही देखणा असो, उपयोग नाही.

म्हणजे चौकशी झाली तर आत्यासारखीची इच्छा वाचते आणि फसवल्या गेलेल्या बहिणीचा हक्कही वाचतो. चौकशी न करता शिक्का पाहून निकाल दिला, तर दोघीही हरतात. नोंदणीचा शिक्का असलेले खोटे मृत्युपत्र पुढे जाते, शिक्का नसलेले खरे मागे राहते.

दुय्यम निबंधकांशी मला वेगळे बोलायचे आहे. मृत्यूनंतर मृत्युपत्र नोंदवता येत नाही, असे मला आपल्यापैकी एका कार्यालयात सांगण्यात आले. नोंदणी अधिनियमाच्या कलम 40 प्रमाणे करणाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याने मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक किंवा मृत्युपत्राखाली हक्क सांगणारी व्यक्ती ते नोंदणीसाठी सादर करू शकते. कलम 41 मध्ये आपण काय तपासायचे तेही दिले आहे: ते त्या व्यक्तीनेच केले होते का, ती व्यक्ती वारली आहे का, आणि सादर करणाऱ्याला तो हक्क आहे का. त्या नोंदणीने माझा वाद मिटला नसता हे मला कळते. पण जो अधिकार कायद्यात आहे, तो नाहीच असे सांगून माणसाला परत पाठवणे योग्य नाही.

कलम 31 तर बहुतेक लोकांच्या कानावरही गेलेले नाही. विशेष कारण असेल तर आपण दस्त नोंदवायला किंवा मृत्युपत्र ठेव म्हणून घ्यायला माणसाच्या घरी जाऊ शकता. आत्याला गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नव्हती. टोकन घ्या, सर्व्हर सुरू होईपर्यंत थांबा, बोटांचे ठसे उमटेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा, हे तिच्याने झाले नसते. अधिकारी घरी येऊ शकतात हे तिला कुणी सांगितले असते, तर तिने त्या दिवशी घर सारवून ठेवले असते. आणि कलम 42 प्रमाणे मोहोरबंद लिफाफ्यात मृत्युपत्र जिल्हा निबंधकांकडे ठेवता येते, आत काय लिहिले ते करणाऱ्याच्या मृत्यूपर्यंत कुणाला कळत नाही. घरातल्या कुरबुरींना घाबरून ज्या बायका काही लिहीतच नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय किती मोलाची आहे! प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयाच्या दर्शनी भागात या कलमांची माहिती साध्या मराठीत लावावी, एवढी माझी विनंती आहे. त्याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही.

ग्राम महसूल अधिकाऱ्यांना माझी विनंती अशी आहे: मृत्युपत्र घेऊन आलेल्या माणसाची वर्दी घ्या आणि पोच द्या. घ्यायची की नाही हा निर्णय आपल्या टेबलावर होत नाही. नोटीस काढताना मुलींची, विवाहित बहिणींची नावे आणि खरे पत्ते लिहा. सासरी गेलेल्या बहिणीची नोटीस माहेरच्या पत्त्यावर गेली की ती भावाच्या हातात पडते, आणि मग 'हरकत प्राप्त नाही' असा शेरा बसतो.

मंडळ अधिकारी आणि तहसीलदारांना: मूळ कागद पाहा, हजर असलेल्या साक्षीदाराचा जबाब घ्या, विरुद्ध बाजूला प्रश्न विचारू द्या. मिळकत देणाऱ्याची स्वतःची होती का ते दप्तरातून तपासा. शेती बिगर शेतकऱ्याला दिली असेल तर कुळकायद्याच्या कलम 63 चा प्रश्न येतो, तोही त्याच वेळी पाहा. मग जो काही निष्कर्ष असेल तो कारणांसह लिहा. मृत्युपत्रावर खरा वाद आहे आणि तो दिवाणी न्यायालयानेच सोडवायला हवा असे वाटले, तर तसे लिहा, आणि वारसांची नावे लावायची झाली तर इतर हक्काच्या रकान्यात मृत्युपत्राचा वाद प्रलंबित असल्याचा उल्लेख राहील असे पाहा. नाहीतर दावा दाखल होण्याआधीच जमीन तिसऱ्याला विकली जाते, आणि तो तिसरा म्हणतो की सातबारा तर स्वच्छ होता. आदेशाखाली अपील कुठे करायचे आणि 60 दिवसांची मुदत कधी संपते तेही लिहा. कायदा न शिकलेल्या माणसाला ही मुदत निघून गेल्यावर कळते.

मृत्युपत्र करू पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे वाचले, तर त्यांनाही एक सांगणे आहे. नोंदणी सक्तीची नाही, तरी जमत असेल तर करा, निदान घरी बोलवा. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडा, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका. ज्याला काही दिले नाही त्याला का दिले नाही, ते दोन ओळींत लिहा. आत्याने लिहिले आहे. पुतण्यांबद्दल तिने वाईट शब्द वापरलेला नाही, त्यांना त्यांच्या वडिलांचा हिस्सा आहे आणि ते सुखी आहेत, एवढेच म्हटले आहे. त्यांनी तो कागद पूर्ण वाचावा अशी माझी फार इच्छा होती. सुनावणीत तो मोठ्याने वाचला गेला असता, तर त्यांनीही ऐकला असता.

माझे अपील प्रांत कार्यालयात प्रलंबित आहे. त्यात मी नाव लावून मागितलेले नाही, फेरचौकशी मागितली आहे, आणि गुरुजींचा जबाब लवकरात लवकर घ्यावा असा वेगळा अर्ज दिला आहे. त्या अर्जावर अजून आदेश नाही. असे अर्ज आपल्यापैकी ज्यांच्या टेबलावर असतील, त्यांनी ते आधी काढावेत.

आपली विश्वासू,
एक खातेदार शेतकरी